गोटा फोडण्याची बिनधोक रीत

पुसेगावला माझ्या मेव्हण्याने विहीर खणायला काढली आणि तिला पाणी लागायच्या आधी मला तकलीफ लागली.

मेव्हण्याचं नाव भुजंग. माणूस नावाच्या अगदी उलट, गरीब आणि प्रेमळ. पण त्याच्याकडून येणाऱ्या वस्तू जपून उघडाव्या लागतात. एकदा त्याने मध पाठवला होता, त्यात माश्याही जिवंत होत्या. या वेळी गाडीवानाबरोबर गोणपाटात बांधून तीन दगड आले. नारळाएवढे गोल, वरून खरबरीत आणि मळकट. सोबत चिठ्ठी होती. "दाजी, खाली काळ्या खडकात असे गोटे निघून राहिले. एक सुरुंगाने फुटला तर त्याच्या पोटात जांभळी खडीसाखर दिसली. तुमी शिकलेले, म्हणून पाठवून राहिलो." चिठ्ठीच्या घडीत बोटाच्या पेराएवढा एक खडा नमुन्यादाखल होता.

तो खडा मी उन्हात धरला आणि तिथेच फसलो. सहा बाजू, टोकदार शेंडा, आणि आत पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग. मी सरकारी मदरशात जुगराफिया, म्हणजे भूगोल शिकवत असे. डोंगर, नद्या, ज्वालामुखी हे सगळं फळ्यावर खडूने काढून दाखवायचं, आणि मुलांनी ते आपल्यावर उपकार म्हणून पाहायचं. इथे साक्षात ज्वालामुखीच्या पोटातली वस्तू माझ्या हातात आली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी खडा फिरवला आणि सांगून टाकलं, की असा एक अख्खा गोटा मी कवठासारखा बरोबर मधोमध दोन भाग करून तुम्हाला दाखवीन.

हे वाक्य दारातून आमच्या सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, ऐकलं. दस्तगीर साहेब फार भला माणूस. दुसऱ्याने करायच्या कामाचं वचन आपण देऊन टाकणं, एवढाच त्यांच्यात दोष होता. येत्या गुरुवारी परभणीहून मोहतमीम साहेब शाळा तपासायला येणार होते. दस्तगीर साहेबांनी त्याच दुपारी कार्यक्रमाच्या कागदात लिहिलं, की जुगराफियाचे मास्तर पत्थराचं पोट उघडून कुदरतीची कारागिरी दाखवतील. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, तुमची नोकरी चार वर्षं हंगामी आहे. ही संधी आहे. गोटा बराबर फुटला पाहिजे."

ही गोष्ट तेराशे सेहेचाळीस फसलीतली, म्हणजे इंग्रजी छत्तीस-सदतीस सालातली. त्या काळी हंगामी मास्तर म्हणजे काय हे आज कुणाला सांगून कळणार नाही. दर उन्हाळ्यात वरून हुकूम येईपर्यंत आपण मास्तर आहोत की नाही हे खुद्द मास्तरालाही ठाऊक नसे. सासुरवाडीला विचारलं तर "व्हय, आहेत अजून" असं उत्तर मिळे.

शुक्रवार शाळेच्या सुट्टीचा. मी सकाळीच तयारीला लागलो. काम बिनधोक झालं पाहिजे, हा माझा पहिला आग्रह. दगडाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते हे मला माहीत होतं. म्हणून आमचे शेजारी गुलाम नबी यांच्या ओळखीने हिंगोलीच्या मोटरीवरच्या ड्रायव्हरचा धुळीचा चष्मा मागवला. रबरी पट्टीचा, दोन्ही बाजूंनी बंद. तो लावून मी अंगणात आलो तेव्हा आमची शेळी दावं तोडून गेली, ती मग दुपारीच सापडली.

गुलाम नबी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं लोकांच्या गाठोड्यांत काय आहे हे ओळखण्यात गेल्यामुळे जगातल्या कुठल्याही बंद वस्तूवर मत देण्याचा आपला हक्क आहे असं ते मानत. ते ओट्यावर येऊन बसले आणि गोटा कानाशी हलवून म्हणाले, की आत माल आहे. कसला ते फुटल्यावर सांगतो.

सत्यभामाबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, एकच सूचना केली. जात्याला टाकी लावायला मिराबाई येते, तिच्याकडून फोडून घ्या. तिचा जन्म दगडात गेला आहे. मला हे लागलं. मी बायकोला समजावलं, की जात्याला टाकी लावणं वेगळं आणि भूगर्भाचा अभ्यास वेगळा. त्यावर ती आत निघून गेली. ती उत्तर न देता आत गेली की पुढे काय होतं याचा मला बारा वर्षांचा अनुभव होता, पण त्या दिवशी चष्म्यामुळे मला बाजूचं दिसत नव्हतं.

मी गोटा गोधडीत गुंडाळला, कपची उडू नये म्हणून. गोधडी पाटावर ठेवली, पाट दगडी चौथऱ्यावर. मग खलबत्त्यातला लोखंडी बत्ता दोन्ही हातांनी उचलून घाव घातला. गोटा फुटला नाही. तो गोधडीच्या एका टोकातून साबणाच्या वडीसारखा सटकला, अंगणभर उड्या मारत गेला आणि पाण्याच्या रांजणात शिरला. तोंडातून नव्हे, पोट फोडून. रांजण माझ्या लग्नातला होता. चुलीपर्यंत पाणी गेलं. गोट्याला ओरखडासुद्धा आला नव्हता.

पाणी काढताना गुलाम नबी पाय वर घेऊन विचार करत होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी सांगितलं, की सडकेच्या कामावर मोठे खडक असे ठोकत नाहीत. आधी तापवतात, मग थंड पाणी मारतात. खडक आपणहून उकलतो. मला यात शास्त्र दिसलं. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो हे मी स्वतः दरवर्षी शिकवतो. आपणच शिकवलेलं आपल्यावर कसं उलटेल, अशा भोळ्या विश्वासाने मी परसातल्या चुलवणावरचं पाण्याचं तपेलं बाजूला केलं आणि गोटा निखाऱ्यात घातला.

पाणी मारायची वेळच आली नाही. त्या बंद पोटात लाखो वर्षांचा ओलावा कोंडलेला असणार. मी तांब्या घेऊन वाकलो तोच सुरुंगासारखा आवाज झाला. राख, निखारे आणि कपच्या चारी दिशांना गेल्या. तपेल्याला खोक पडली. मदीनाबी, गुलाम नबींच्या पत्नी, भरलेली घागर घेऊन धावत आल्या आणि काय झालं ते न विचारता ती माझ्यावर ओतली. त्यांचं फार बराबर होतं, कारण माझ्या सदऱ्याची बाही धुमसत होती. डोळे वाचले, ते केवळ चष्म्यामुळे. चष्म्याच्या डाव्या काचेवर वडाच्या पानाच्या शिरांसारखी चीर पडली होती. ती काच नसती तर मी ही गोष्ट एकाच डोळ्याने लिहीत असतो. मी तिथेच ओल्या राखेत बसलो. सत्यभामाबाईंनी माझी हनुवटी धरून दोन्ही डोळ्यांपुढे बोटं हलवून पाहिली.

डोळ्यांखालचा भाग मात्र चष्म्याच्या अखत्यारीत नव्हता. मिशीची डावी बाजू साफ जळून गेली होती. अर्धी मिशी ठेवून वर्गात जाणं शक्य नव्हतं, म्हणून उरलेली मी वस्तऱ्याने काढली. राखेत सापडलेले खडे पाहिले तर त्यांचा जांभळा रंग उडून ते मळक्या मिठासारखे झाले होते.

आवाज पोलीस ठाण्यापर्यंत गेला होता. तासाभरात दोन जवान आले. त्या दिवसांत मोठा आवाज ही सरकारच्या नापसंतीची गोष्ट होती. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, आणि इथे माझ्यातला मास्तर आड आला. नुसता दगड म्हणून सोडून देण्याऐवजी मी त्यांना तो नमुन्याचा खडा दाखवला आणि आत असे जवाहिरासारखे स्फटिक असतात असं उत्साहाने समजावलं. जवाहिर हा शब्द ऐकताच मोठ्या जवानाने कागद काढला. जमिनीखाली सापडलेलं जवाहिर सरकारचं, असं म्हणून त्यांनी उरलेले दोन गोटे आणि नमुन्याचा खडा फडक्यात बांधले, लाखेची मोहर लावली आणि तालुका कचेरीत जमा केले. गुलाम नबींनी मोहर नीट बसली आहे की नाही हे तपासून दिलं.

शनिवारी मी शाळेत गेलो. डोक्याला रुमाल, त्यामुळे केस आहेत की नाहीत हे दिसत नव्हतं. ओठावर मिशी नाही हे मात्र सर्वांना दिसत होतं. आपल्याकडे याचा अर्थ एकच. मी हजेरी घ्यायच्या आधीच मुलं उभी राहिली आणि खाली माना घालून उभीच राहिली. दस्तगीर साहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि वडील म्हणजे डोक्यावरचं आभाळ असतं असं काही म्हणाले. माझे वडील नरसीला धडधाकट होते आणि त्या वेळी बहुतेक गाईची धार काढत होते. पण साहेबांचा आवाज इतका भरून आला होता, की लगेच खुलासा करणं मला असभ्यपणाचं वाटलं. मी थोडा थांबलो. हे थोडं थांबणं मला पुढे महागात पडलं.

दुपारी गोटे सोडवायला कचेरीत गेलो. तिथले पेशकार, म्हणजे मोठे कारकून, एरवी माणसाकडे न पाहता बोलत. त्या दिवशी त्यांनी मान वर केली, माझा ओठ पाहिला आणि मला खुर्ची दिली. चार वर्षांत त्या कचेरीत मला कुणी खुर्ची दिली नव्हती. चहासुद्धा आला. मी बसलो, प्यायलो, आणि पुन्हा थोडा थांबलो. पेशकारांनी हळुवारपणे विचारलं, की दगड कुठले. मी म्हणालो, घरचेच, पुसेगावचे. त्यांनी झरझर अर्जी लिहून पुढे केली. अक्षर असं शिकस्ता, म्हणजे घसटं उर्दू, की त्यातून वाट काढायला वाटाड्या हवा. मी सही केली.

नक्कल गुलाम नबींनी संध्याकाळी वाचली. मग सांगितलं, की मी मरहूम वडिलांच्या मिळकतीतले दोन पत्थर वारसाहक्काने मागितले आहेत. मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, विरासतीच्या खात्यात गेली आहे. आता वडील वारल्याचा दाखला जोडावा लागेल.

मी म्हणालो, वडील जिवंत आहेत. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, की मग त्यांनी येऊन तसं लिहून द्यावं.

रविवारी पहाटे मी रजा काढून नरसीला चालत गेलो. अण्णा ओट्यावर सूत कातत बसले होते. त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं आणि चाती थांबवली.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हणालो.

अण्णांनी हातातला पेळू बाजूला ठेवला. "कधी?"

"शनिवारी. कचेरीत."

मग सगळं सांगावं लागलं. अण्णा मुळीच रागावले नाहीत. आपण गेल्यावर शाळेतले लोक काय काय म्हणाले, हे मात्र त्यांनी तीनदा विचारून घेतलं, आणि दस्तगीर साहेबांचं आभाळाचं वाक्य त्यांना आवडलं.

सोमवारी अण्णा पेशकारांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, की मी जिवंत आहे आणि ते गोटे माझे नाहीत. पेशकारांना हे पसंत पडलं नाही. त्यांनी मला दिलेली खुर्ची परत घेतली. विरासतीची मिसल बंद झाली आणि तेच कागद गुप्तधनाच्या मिसलीत लागले. आता प्रश्न असा होता. गोट्यात जवाहिर असलं तर माल सरकारचा, नुसता दगड असला तर माझा. आत काय आहे हे गोटा फोडल्याशिवाय कळणार नाही. आणि मोहरबंद माल फोडणं हा गुन्हा. पेशकारांनी हे तिन्ही मुद्दे मला दोनदा समजावले आणि दोन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मंगळवार आणि बुधवार मी कचेरीच्या पायरीवर काढले.

बुधवारी संध्याकाळी दस्तगीर साहेब स्वतः तहसीलदारांकडे गेले. तहसीलदार या मिसलीला इतके कंटाळले होते, की त्यांनी हुकूम दिला: उद्या सकाळी अर्जदाराने साक्षीदारांसमोर, कचेरीच्या आवारात, आपल्या हाताने गोटा फोडावा. आणि गोटा शाळेत येऊ शकत नाही, तर तपासणीच गोट्याकडे जाईल, असं दस्तगीर साहेबांनी ठरवून टाकलं.

गुरुवारी आवारात कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. तहसीलदार, गोरेपान आणि अबोल मोहतमीम साहेब, पेशकार, आमची मुलं दोन रांगांत, गुलाम नबी साक्षीदार म्हणून पुढे, आणि अण्णा, ज्यांच्याकडे सगळे जरा जास्तच पाहत होते. आवाराच्या फाटकाशी मिराबाई उकिडवी बसलेली दिसली. शेजारी तिची छिन्नी-हातोडीची पिशवी. सत्यभामाबाई उत्तर न देता आत गेल्या होत्या, त्याचं हे पुढचं.

मोहर फोडली गेली. चीर पडलेला चष्मा लावून मी कचेरीचा मोठा हातोडा उचलला. मनात एकच विचार होता: चार वर्षांची हंगामी नोकरी या एका घावावर आहे. हातोडा डोक्यापर्यंत गेला.

"मास्तर, तसं नका मारू," मिराबाई फाटकातून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "लेकरं समोर बसलीत. उडंल."

तिने पदर मागे सारला होता. मी तिला इतकी वर्षं आमच्या अंगणात खाली मान घालून जात्यावर काम करताना पाहिलं होतं; तिच्या चेहऱ्याकडे नीट त्या दिवशीच पाहिलं. तिचा उजवा डोळा पांढरा होता. तिच्या लग्नाच्या वर्षी उखळ घडवताना कपची लागली, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त चुलवणाचा तो आवाज आणि काचेवरची चीर आठवली, आणि समोर दोन रांगांत बसलेल्या मुलांचे चाळीस जोड डोळे दिसले.

मी हातोडा खाली ठेवला. मोहतमीम साहेबांपुढे जाऊन सांगितलं, "साहेब, माझ्या हातून एक गोटा फुटला आहे. कसा फुटला ते माझ्या तोंडावर दिसतंय. वडील माझे हे बसले आहेत. हे काम मला येत नाही. या बाईंना येतं."

पेशकार म्हणाले, हुकुमात अर्जदाराने आपल्या हाताने असं आहे. तहसीलदारांनी विचारलं, अर्जदाराचा हात लागला म्हणजे झालं ना. मग मी धरायचं आणि मिराबाईने ठोकायचं असं ठरलं.

मी चष्मा काढून तिला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, पट्टी डोक्यामागे घेतली आणि पहिल्यांदा हसली. लेकरांना तिने नीट वीस पावलं मागे सारलं. मला डोक्याचा रुमाल डोळ्यांपुढे ओढून घ्यायला लावला आणि मान वळवून धरायला सांगितलं. मग दोन्ही गोटे हातात तोलले. एक बाजूला ठेवला. "ह्यो भरीव हाय. ह्यात काई न्हाई." दुसरा तिने वाळूच्या पोत्यावर ठेवला. "ह्यो हलका हाय. पोकळ. मास्तर, धरा, आन् मी म्हनंन तसा फिरवत ऱ्हावा."

जोर तिने कुठे लावलाच नाही. छिन्नी गोट्याच्या मध्यावर टेकवायची, हातोडीचा एक हलका टोला, टिक. मी गोटा बोटभर फिरवायचा. टिक. पुन्हा फिरवायचा. एक फेरी झाली, बारीक पांढरी रेघ उमटली. दुसरी फेरी त्याच रेघेवर. गुलाम नबींनी जोराने मारायला सुचवलं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. पाचव्या फेरीला आवाज बदलला. टिकच्या जागी पोकळ, भिजलेला ठप असा आवाज आला. तिने छिन्नी खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आता उघडा."

मी दोन्ही हातांनी ओढलं. गोटा डब्याच्या झाकणासारखा उघडला.

आत सगळीकडून टोकं, दाट, ओलसर, जांभळी. कडुनिंबातून आलेलं ऊन त्यात पडलं आणि माझ्या सदऱ्यावर जांभळे ठिपके हलू लागले. मुलं बसल्या जागेवरून उठली. मोहतमीम साहेब खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवे बसले. तेवढ्यात पेशकारांनी लेखणी सरसावली आणि विचारलं, की लिहायचं काय, जवाहिर की पत्थर.

तहसीलदारांनी गुलाम नबींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही भाग नाकाजवळ नेले, आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायचं टाळलं आणि मिराबाईकडे बोट केलं.

"दगडाच्या पोटात दगडच ऱ्हातो, साहेब," ती म्हणाली. "पर चांगला हाय."

पेशकारांनी "पत्थर" असं लिहिलं. थोडं थांबून पुढे "चांगला" असंही लिहिलं. माल मला परत मिळाला. त्यातला एक अर्धा भाग मी मिराबाईला द्यायला गेलो, तर तिने तो न घेता चष्मा ठेवून घेतला.

त्यानंतर मोहतमीम साहेबांनी दोन तास मुलांना प्रश्न विचारू दिले. उत्तरं मिराबाईने दिली, मी फक्त तिचं बोलणं शुद्ध करून सांगत होतो. अर्ध्या तासाने साहेबांनी मला तेही थांबवायला सांगितलं.

दोन महिन्यांनी माझ्या मुस्तकिल, म्हणजे कायम, नोकरीचा हुकूम आला. दस्तगीर साहेबांनी तो सगळ्या मास्तरांसमोर वाचून दाखवला. हुकुमासोबत मोहतमीम साहेबांच्या तपासणीचा शेरा जोडला होता. माझ्या भूगोलाच्या ज्ञानाबद्दल, शिकवण्याच्या पद्धतीबद्दल, चार वर्षांच्या सेवेबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. शेरा एका ओळीचा होता: "जुगराफियाचे मास्तर धरायला सांगितलेली वस्तू हात न हलवता, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत नीट धरतात."

पुढे सव्वीस वर्षं मी त्या शाळेत होतो. कुठेही घड्याळ लावायचं असो, नकाशा टांगायचा असो की शिडी पकडायची असो, सदर मुदर्रिस कुणीही असले तरी शिपाई सरळ माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहायचा. वरूनच तसं लेखी आलं होतं, त्यामुळे नाही म्हणता येत नसे.